‘हरलेल्यांचं रडगाणं’ या आक्षेपाबद्दल

निवडणूक पद्धत बदलावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: निवडणूक पद्धत बदला म्हणणं हे हरलेल्यांचं रडगाणं आहे, प्रमाणशीर प्रतिनिधित्व (म्हणजे पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा) आलं की सरकारं टिकत नाहीत, पक्षाच्या यादीतून आलेल्या खासदाराला मतदार जाब विचारू शकत नाही, आणि मी आकड्यांचा खेळ केला.

आकड्यांबाबत तुमचं बरोबर आहे. ब्रिटनमध्ये २०२४ साली मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या, इथवर ठीक. पण ‘प्रमाणशीर पद्धतीत २२० मिळाल्या असत्या’ हे मी घाईत लिहिलं. पद्धत बदलली की मतदारही वेगळा वागतो. आपला उमेदवार पडणारच म्हणून नाइलाजाने दुसऱ्याला मत देणारे किती, हे त्या आकड्यांत दिसत नाही. ते वाक्य काढतो.

रडगाण्याचं मात्र पटलं नाही. जिंकलेला तक्रार करेलच कशाला? न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१ मध्ये मजूर पक्षाला मतं जास्त पडली, सत्ता नॅशनल पक्षाकडेच राहिली. पुढे मजूर पक्ष सत्तेवर आला, त्याने आयोग नेमला, आयोगाने १९८६ मध्ये मिश्र प्रमाणशीर पद्धत सुचवली (काही खासदार मतदारसंघांतून, काही पक्षाच्या यादीतून, एकूण जागा मतांच्या प्रमाणात). आणि तोवर पक्षाचा उत्साह मावळला होता! म्हणून तर निर्णय लोकांकडे हवा. तिथे १९९२ मध्ये आधी विचारलं, बदल हवा का, आणि हवा तर चारपैकी कोणता. बदल हवा म्हणणारे सुमारे ८५ टक्के निघाले. पण १९९३ मध्ये जुनी पद्धत (मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी) आणि निवडलेला पर्याय समोरासमोर आले, तेव्हा नव्या पद्धतीला ५४ टक्केच मिळाले. ‘काहीतरी बदला’ आणि ‘हेच आणा’ यांत इतकं अंतर असतं. २०११ मध्ये लोकांना पुन्हा विचारलं. जवळपास ५८ टक्क्यांनी नवीच पद्धत ठेवली. त्याच वर्षी ब्रिटनने एकच पर्याय पुढे केला, पसंतीक्रमाचा: मतदारसंघात जागा एकच, पण मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देणार. तो प्रमाणशीर नव्हता, सुधारणावाद्यांपैकी अनेकांनाही मनापासून नको होता. ६८ टक्क्यांनी फेटाळला.

स्थैर्याबद्दल थोडंच. सरकार पडणं वेगळं आणि बनायला वेळ लागणं वेगळं. नेदरलँड्समध्ये २०१७ च्या निवडणुकीनंतर सरकार बनायला २२५ दिवस लागले, हे मान्य. जर्मनीने मात्र पाच टक्के मतांची अट घालून छोट्या पक्षांची गर्दी रोखली. प्रमाणशीर म्हणजे एकच साचा नव्हे.

जाब विचारण्याचा मुद्दा तुमचा सगळ्यात भक्कम. पक्षाच्या बंद यादीबद्दल, जिथे नावांचा क्रम पक्षच ठरवतो, मलाही तीच भीती वाटते, म्हणून माझा कल आयर्लंडकडे आहे. तिथे एका मतदारसंघातून अनेक जण निवडून येतात, यादी नसते, मतदार नावांपुढे पसंतीचे क्रमांक लिहितो, आणि एकाच पक्षाचे उमेदवार एकमेकांशीही लढतात. सत्ताधाऱ्यांनी ही पद्धत मोडू पाहिली, १९५९ आणि १९६८ मध्ये. दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला. मोजणी कधीकधी काही दिवस चालते. तेवढं थांबायची माझी तयारी आहे, तुमची नसेल.