‘ही’ कोण?

सोमवारी सकाळी एचआरची मेल आली. (किंवा आला. आमच्या ऑफिसात यावर अजून एकमत नाही. लेखा विभागात मेल येतो, विक्री विभागात मेल येते आणि सर्व्हर बंद पडला की दोन्हीकडे येत नाही.) विषय होता, ‘ई-मेलखालच्या सहीत आपली सर्वनामे नमूद करण्याबाबत’. म्हणजे आपल्याबद्दल इंग्रजीत बोलताना ‘तो’ म्हणायचं की ‘ती’, ते नावाखाली लिहायचं. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत ‘हे पूर्णपणे ऐच्छिक आहे’ असं होतं आणि शेवटच्या ओळीत त्याहून ठळक अक्षरांत ‘शुक्रवार, संध्याकाळी ५ पर्यंत’. ऐच्छिक गोष्टीला मुदत असली की इच्छा कोणाची, हे नोकरदार माणसाला सांगावं लागत नाही.

सर्वनामाची आणि माझी शेवटची भेट शाळेत झाली होती. नामाऐवजी येणारा शब्द तो सर्वनाम, एवढंच पाठ होतं. त्यातल्या मी, तू, तो, ती या मंडळींना व्याकरणात ‘पुरुषवाचक सर्वनामे’ म्हणतात. म्हणजे ‘ती’सुद्धा तृतीय पुरुषच. वर्गातल्या एका मुलीने हात वर करून विचारलं होतं, “सर, मग मी कोण?” सर म्हणाले, “मी? प्रथम पुरुष.” ती बिचारी खाली बसली.

खरं तर या मेलचं सर्वांत जास्त स्वागत माझ्याकडून व्हायला हवं होतं. माझं नाव किरण, सुहास, शशी या गोत्रातलं. नुसतं कागदावर वाचलं तर समोरच्याने नाणं उडवावं. दुसऱ्या शाखेतल्या एका व्यक्तीने दोन वर्षांपूर्वी उडवलं आणि तेव्हापासून मला ‘डिअर मॅडम’ येतंय. पहिल्या वेळी दुरुस्ती राहून गेली. दुसऱ्या वेळी वाटलं, एवढ्यासाठी काय वेगळी मेल. चाळिसाव्या वेळेपर्यंत गोष्ट अशा थराला गेली की आता खरं सांगणं म्हणजे दोन वर्षांच्या फसवणुकीची कबुली. त्यांचा फोन आला की मी उचलत नाही.

मराठीत पत्रव्यवहार असता तर ही वेळच आली नसती. इंग्रजी माणूस ‘मी आलो’ म्हणताना आपण कोण ते कळू देत नाही. आपण तोंड उघडलं की सही झालीच. आता हेच पाहा, इथवर मी जपून लिहिलंय. ‘मी फाईल पाठवली’ यात फाईलचं लिंग कळतं, माझं नाही. ‘मी उत्तर लिहिलं’, ‘मी बिल भरलं’, ‘मी उद्या येईन’, सगळं सुरक्षित. पण हे किती वेळ टिकणार? कशावर तरी काम करत राहिलं तोवर लपता येतं. माणूस बसला, उठला, हसला, दमला की उघड. आणि त्या सोमवारी ती मेल वाचून मी डोकं धरून बसलो. घ्या, झाली सही.

दुपारपर्यंत ऑफिसचे तट पडले. लेखा विभागातले साहेब निवृत्तीला आलेले, मिशा भरघोस. “मला बघून कळत नाही?” हा त्यांचा पहिला सवाल. मिशा ई-मेलमधून जात नाहीत, हे त्यांना आमच्या प्रशिक्षणार्थी मुलीने नम्रपणे सांगितलं. ते काही क्षण विचारात पडले. फोटो जोडावा की काय, असं त्यांच्या मनात येत असावं. मग त्यांनी दुसरं शस्त्र काढलं. १९९५ साली इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची एक नियमावली निघाली होती, सही चार ओळींच्या आत असावी असं तिच्यात म्हटलंय, आणि तिची छापील प्रत त्यांच्या खणात होती. खुद्द त्यांच्या सहीत नाव, हुद्दा, तीन फोन नंबर, ‘कागद वाचवा’ आणि ‘हा मेल चुकून मिळाल्यास नष्ट करावा’ मिळून अकरा ओळी आहेत, हे आम्ही त्यांच्या वयाकडे बघून बोललो नाही.

तिसरं शस्त्र जरा धारदार होतं. “काही जण म्हणे स्वतःला इंग्रजीतलं ‘दे’, म्हणजे अनेकवचनी ‘ते’, म्हणवतात. एक माणूस अनेकवचनी होईलच कसा?”

“सर आले,” मुलगी म्हणाली.

साहेबांनी दाराकडे पाहिलं. “कोण सर?”

“तुम्हीच. सर आले, सर बसले, सर चिडले. तुम्ही एकटेच आहात, आणि गेली तीस वर्षं सगळे तुम्हाला अनेकवचनात बोलावतात. तुम्ही कधी तक्रार केली नाहीत.”

साहेबांना हे उत्तर आवडलंही आणि आवडलं नाहीही. मुलीने मग हाताशी होतं ते सगळं बाहेर काढलं. इंग्रजीत एका माणसासाठी ‘दे’ चौदाव्या शतकापासून सापडतो आणि मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाने २०१९ चा शब्द म्हणून त्यालाच निवडलं. स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत ‘हेन’ हे तो-ती दोन्हींना चालणारं सर्वनाम २०१५ मध्ये आलं. फिनिश लोकांना ‘हॅन’ एवढा एकच शब्द पूर्वीपासून पुरतो. बंगालीतही तो आणि ती दोघांना एकच ‘शे’. साहेब म्हणाले, “मग बंगालीत बदली करा माझी.”

उलट टोकाची बातमी मी पुरवली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत अनेक केंद्र सरकारी खात्यांतल्या कर्मचाऱ्यांना आदेश निघाला की सहीतली सर्वनामं काढून टाका, मुदत शुक्रवार संध्याकाळी ५. म्हणजे एकीकडे शुक्रवारी पाचपर्यंत टाका, दुसरीकडे शुक्रवारी पाचपर्यंत काढा. सर्वनामांबद्दल जगाचं काहीही मत असो, शुक्रवार संध्याकाळबद्दल मात्र एकमत दिसतं.

विक्री विभागाच्या प्रमुख बाई या गदारोळात शांत होत्या. त्या सही करतात ती आद्याक्षरं आणि आडनाव एवढीच. “नवीन ग्राहक मला पहिले सहा मेल पुरुष समजतो,” त्या म्हणाल्या. “त्या सहा मेलमध्ये तो भावावर घासाघीस करत नाही. सातव्यात फोन होतो, मग तो मला माझाच माल समजावून सांगतो. ते सहा मेल मी का सोडू?” यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच. ‘मॅडम’ असताना मला आलेले मेल मी आठवून पाहिले. दर वेळी शेवटी एक हसरा चेहरा असायचा आणि मी मांडलेला आकडा दर वेळी ‘एकदा वरिष्ठांना विचारून’ घ्यायला सांगितलेलं असायचं. वरिष्ठ मीच होतो.

आणखी एक व्यक्ती होती. (व्यक्ती शब्द स्त्रीलिंगी आहे, त्यात माझा हात नाही.) तिने जेवणाच्या सुट्टीत मला हळूच विचारलं, “रकाना रिकामा ठेवला तर चालेल ना?” मी म्हटलं, ऐच्छिक आहे. “तसं नाही. बाकी सगळ्यांनी भरला, तर रिकामा रकानाही बोलतो. मला अजून काही बोलायचं नाहीये.” प्रशिक्षणार्थी मुलगी सगळ्यांनी लिहावं म्हणत होती, ते ज्याला गरज आहे तो एकटा पडू नये म्हणून. त्याच माणसाला सगळ्यांनी लिहिणं नको होतं, तेही एकटं पडू नये म्हणून. मी नुसतीच मान हलवली. बुधवारी अर्धं ऑफिस रिकामं ठेवणार असं कळलं तेव्हा मला बरं वाटलं. त्यातल्या बहुतेकांचं कारण आळस होतं, पण आळसाचा असा उपयोग मी प्रथमच पाहिला.

गुरुवारी मी धीर करून अर्ज भरला. इंग्रजी खिडकीत यादीतून पहिला पर्याय निवडला, ‘जतन करा’ दाबलं. आमची सही दोन लिप्यांत जाते आणि देवनागरीचं काम यंत्र करतं. यंत्राने अर्थ बघितला नाही, उच्चार बघितला. माझ्या नावाखाली उमटलं:

ही / हिम

इंग्रजीतला ‘तो’ देवनागरीत आला आणि थेट ‘ही’ झाला. दोन वर्षांनी मी तोंड उघडलं, तर त्या व्यक्तीला माझ्याकडून लेखी पुरावाच गेला. तासाभरात उत्तर आलं, ‘शंका होतीच, खात्री केल्याबद्दल आभार, मॅडम.’

मी पुन्हा फोन उचलणं सोडून दिलं.

इतरांची अवस्था बरी नव्हती. बायकांच्या नावाखाली ‘शी’ आलं. विक्री विभागाच्या बाईंनी आपलं नाव आधीच वगळलं होतं म्हणून त्या वाचल्या, पण त्यांच्या हाताखालच्या एकीने तिमाही अहवाल धाडला, त्याखाली तिचं नाव आणि त्याखाली ‘शी’. ग्राहकाने आकडे पुन्हा तपासून मागितले. प्रशिक्षणार्थी मुलीने पाठिंबा म्हणून ‘दे’ निवडलं होतं. तिच्या स्मरणपत्राखाली ‘दे’ पाहून तीन जणांनी थकलेली बिलं भरली. वसुली विभागाने तिला कायम मागून घेतलंय.

साहेबांनी यातलं काहीच निवडलं नव्हतं. तरी ते माझ्या टेबलाशी आले, माझी सही वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, “ही कोण?”

“मीच,” मी म्हटलं.

शुक्रवारी पावणेपाचला एचआरची नवी सूचना आली. देवनागरी सुविधा तूर्त स्थगित. घाईत असूनही भाषा काटेकोर सर्वसमावेशक होती. खाली लिहिलं होतं: ‘ज्यांना सोमवारचा/ची मेल मिळाला/मिळाली नसेल, त्यांनी कळवावे.’

सर्वांना जाईल असं एकच उत्तर आलं. साहेबांचं. अकरा ओळींच्या सहीवर एकच शब्द.

‘मिळालं.’