पोर्टलंड पेटलेले नव्हते: सांगलीपर्यंत पोहोचलेल्या एका संदेशाला उत्तर

गेल्या रविवारी सकाळी सांगलीहून मोठ्या मावशीचा फोन आला, तेव्हा ती रडकुंडीला आली होती. तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पोर्टलंडलगतच्या हिल्सबरोला राहतो; त्याने आणि सुनेने काही दिवस घराबाहेर पाऊलही टाकू नये, असे मी त्याला समजावून सांगावे, अशी तिची विनवणी होती. कारण विचारल्यावर तिने व्हॉट्सॲपवरचा एक संदेश मला पाठवला. तो तिला एकाच दिवसात तीन गटांवरून आला होता. त्यात म्हटले होते की, दंगलखोरांनी पोर्टलंड पेटवून दिल्यामुळे तिथे सैन्य उतरवावे लागले. राष्ट्राध्यक्षांना कोणत्याही शहरात सैन्य पाठवण्याचा पूर्ण अधिकार असून आधीच्या राष्ट्राध्यक्षांनीही तेच केले. रस्त्यावर उतरलेले लोक पैसे घेऊन आलेले आहेत. ज्यांची कागदपत्रे चोख आहेत, त्या भारतीयांना भिण्याचे कारण नाही. आणि आपल्याकडेही असेच व्हायला हवे. मी या परिसरात अकरा वर्षे राहते आहे. हे वाचून गप्प बसणे मला शक्य नाही.

आधी त्या संदेशासोबतच्या चित्रफितीविषयी. तिच्यात एका चौथऱ्यावर सांबरासारख्या शिंगांचा एक मोठा काशाचा पुतळा दिसतो आणि त्याच्या पायथ्याशी जाळ पेटलेला आहे. हा पोर्टलंडचा प्रसिद्ध एल्क, म्हणजे मोठ्या जातीच्या हरणाचा पुतळा. सन १९०० पासून तो न्यायालयाजवळच्या दोन चौकांच्या मधल्या रस्त्यावर उभा होता. पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या हत्येनंतर उसळलेल्या आंदोलनात त्याच्या चौथऱ्याची नासधूस झाली आणि जुलै २०२० मध्ये महापालिकेने तो तिथून हलवला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सैन्य पाठवण्याची घोषणा केली २७ सप्टेंबर २०२५ रोजी. तेव्हा तो पुतळा त्या जागी नव्हता. म्हणजे मावशीची झोप उडवणारी ती आग घोषणेच्या पाच वर्षे आधीच विझलेली होती.

२०२५ मध्ये खरोखर काय चालले होते, हे सांगण्यासाठी मी माझ्या डोळ्यांचा हवाला देत नाही, न्यायालयाचा देते. ओरेगन राज्य आणि पोर्टलंड शहर यांनी केंद्र सरकारविरुद्ध दावा लावला, तो न्यायाधीश कॅरिन इमरगट यांच्यापुढे आला. त्यांची नेमणूक २०१९ मध्ये खुद्द ट्रम्प यांनीच केलेली आहे, त्यामुळे त्यांना विरोधी गोटातले ठरवण्याची सोय कोणालाच नाही. त्यांनी पोलिसांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. जूनमध्ये आयसीई या स्थलांतर खात्याच्या इमारतीसमोरच्या निदर्शनांत हिंसाचार झाला होता, एका रात्री पोलिसांनी दंगल जाहीर केली होती आणि ती इमारत काही आठवडे बंद ठेवावी लागली होती. हे मला मान्य करावेच लागेल आणि मी ते करते. परंतु घोषणेआधीच्या दिवसांत त्या इमारतीसमोर बहुतेक वेळा तीसहून कमी माणसे असत, आणि जो काही प्रकार होई तो १४५ चौरस मैलांच्या या शहरातल्या एका इमारतीभोवती होई. इमरगट यांनी ४ ऑक्टोबरच्या आदेशात लिहिले की राष्ट्राध्यक्षांच्या निष्कर्षाला वस्तुस्थितीचा आधारच नव्हता, आणि हे राष्ट्र संविधानाच्या कायद्याने चालते, लष्करी कायद्याने नव्हे. त्यानंतर सरकारने कॅलिफोर्नियाचे जवान ओरेगनमध्ये आणण्याचा घाट घातला, तेव्हा त्यांनी रविवारी रात्री सुनावणी घेऊन तोही मार्ग बंद केला. वरच्या न्यायालयातील तिघांच्या पीठाने मध्यंतरी दोन विरुद्ध एक मतांनी सरकारची बाजू घेतली, हे खरे. पण मोठ्या पीठाने आठ दिवसांनी तो निर्णय बाजूला ठेवला, आणि साक्षीपुरावे घेऊन झाल्यावर ७ नोव्हेंबरला इमरगट यांनी कायमची मनाई केली.

आता 'पूर्ण अधिकारा'चा दावा पाहू. नॅशनल गार्ड हे दल एरवी राज्याच्या गव्हर्नरच्या हुकमतीत असते. ते राष्ट्राध्यक्षांनी आपल्या हाती घेण्यासाठी, या प्रकरणांत ज्या कायद्याचा आधार घेतला गेला, त्यात तीनच परिस्थिती दिल्या आहेत: परकीय आक्रमण, बंड, किंवा नियमित दलांच्या साहाय्याने कायदा राबवणे अशक्य होणे. शिवाय सैन्याने पोलिसांची कामे करू नयेत, असा १८७८ चा कायदा आहे, आणि लॉस एंजेलिसमध्ये जून २०२५ मध्ये सुमारे ४,००० गार्ड व मरीन या लष्करी दलाचे ७०० सैनिक उतरवून तो मोडला गेला, असा निकाल न्यायाधीश चार्ल्स ब्रेयर यांनी दिला. शिकागोला गार्ड पाठवण्याच्या प्रकरणात २३ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानेही सरकारची बाजू मान्य केली नाही. त्यानंतर काही दिवसांतच राष्ट्राध्यक्षांनी तिन्ही शहरांतून गार्ड मागे घेत असल्याचे जाहीर केले. पूर्ण अधिकार असलेल्याला असे मागे फिरावे लागत नाही.

आधीच्या राष्ट्राध्यक्षांनी सैन्य पाठवले होते, हे मात्र खरे आहे. १९५७ मध्ये आयझेनहॉवर यांनी लिटल रॉकला सैन्य धाडले आणि १९६५ मध्ये जॉन्सन यांनी अलाबामाच्या गव्हर्नरची मागणी नसताना तिथले गार्ड आपल्या हाती घेतले. पण कशासाठी? न्यायालयाने दिलेला हक्क बजावायला निघालेल्या नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत सुखरूप पोहोचवण्यासाठी, आणि सेल्माहून मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चाला संरक्षण देण्यासाठी. त्या वेळी सैन्य मोर्चेकऱ्यांच्या रक्षणासाठी आले होते, २०२५ मध्ये ते मोर्चेकऱ्यांवर धाडले जात होते. दोन्ही एकाच ओळीत बसवणे ही दिशाभूल आहे.

पैसे घेऊन आल्याच्या आरोपाला संदेशात एकही पुरावा दिलेला नाही, म्हणून त्यावर मी शब्द खर्च करत नाही. हवा भरून फुगवलेला बेडकाचा पोशाख घालून तरुण मुले आयसीईच्या इमारतीसमोर उभी राहत, आणि शेजारची शाळा अश्रुधुराच्या व अन्य रसायनांच्या धास्तीने दुसरीकडे हलवावी लागली, एवढे सांगितले तरी पुरे.

मला सर्वांत घातक वाटते ते 'कागदपत्रे चोख असतील तर भिऊ नका' हे वाक्य, कारण ते आपल्याच माणसांना गाफील करते. ८ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसमधील एका आदेशाला स्थगिती दिली. केवळ वंश, भाषेचा हेल, कामाचा प्रकार किंवा उभे राहण्याचे ठिकाण यांवरून माणसाला अडवू नये, असा तो आदेश होता. ही स्थगिती मिळाली, तेव्हा न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी तीव्र शब्दांत असहमती नोंदवली. ऑक्टोबरमध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने १७० हून अधिक अमेरिकन नागरिकांना स्थलांतर खात्याच्या माणसांनी ताब्यात घेतल्याची प्रकरणे शोधून काढली. नागरिकांना! त्यांच्या कागदपत्रांत कोणती खोट होती? स्थलांतर खात्याच्या तोंड झाकलेल्या माणसाला रस्त्यावर आपला गव्हाळ रंग आधी दिसतो, खिशातले कार्ड नंतर. माझा मावसभाऊ आता कोपऱ्यावरून दूध आणायला जातानाही ग्रीन कार्ड सोबत नेतो. परदेशी नागरिकाने ते जवळ बाळगावे, असा कायदा जुनाच आहे. पण दहा वर्षांत त्याने ते दुधासाठी कधी नेले नव्हते.

राहिले 'आपल्याकडेही असेच हवे'. आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला पहिला विषय सार्वजनिक सुव्यवस्था आणि दुसरा पोलीस आहे. मुंबईच्या रस्त्यावर कोणी उभे राहायचे, हे मुंबईला न विचारता ठरावे, असे हा संदेश पुढे ढकलणाऱ्यांना खरोखर वाटते का, हे त्यांनी स्वतःला विचारावे.

मावशीला मी त्या एल्कच्या पुतळ्याची हकीकत फोनवर सावकाश सांगितली. तिने ती तिन्ही गटांवर लिहायचे कबूल केले आहे, आणि एकात लिहिलेही आहे. मावसभावाला मात्र घरात बसायला मी सांगितलेले नाही. पुढच्या शनिवारी आयसीईच्या इमारतीसमोर मी फलक घेऊन उभी राहणार आहे, आणि तोही येतो म्हणाला आहे.