पेटीत काय निघेल

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तेच सुरू झालंय. सांगलीचा दादा म्हणतो, "पोरं वाया गेली मोबाईल गेमनं, दोन रट्टे द्या, सुटतं व्यसन." खाली सतरा अंगठे. मी इकडे बेल्जियममध्ये, गेंटला बसून उत्तर टाईप केलं, खोडलं, परत टाईप केलं, खोडलं, म्हणून इथे लिहितोय.

अरे, रट्टे पोराला कशाला? स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाची प्रयोगातली कबुतरं आठवा. चोचीनं बटण टोचलं की दर वेळी दाणा पडला तर कबूतर पोट भरल्यावर गप्प बसतं, पण कधी पडेल कधी नाही असं केलं की टोचतच राहतं. गेममधले लूट बॉक्स म्हणजे तेच, पैसे भरा, पेटी उघडा, आत काय निघेल देवाला ठाऊक. बेल्जियमनं 2018 मध्येच विकतच्या लूट बॉक्सला जुगार ठरवलं आणि 2019 च्या जानेवारीत फिफा या फुटबॉल गेममधल्या पेट्या घ्यायचे पॉइंट्स इथे विकत मिळायचे बंद झाले. कुणाला रट्टे नाहीत की काही नाही. (कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे लॉटरीची स्क्रॅच कार्डं मिळतात, ते सोडा.) आपल्याकडे 2020 ला पबजीवर बंदी आली ती चिनी ॲप म्हणून, व्यसनाचा काही संबंध नाही, आणि वर्षाच्या आत तोच गेम नवं नाव लावून हजर.

मागच्या जुलैत सांगलीला गेलो तर माझंच कार्टं पुतण्याच्या मोबाईलवर पेट्या उघडत बसलेलं. 89 रुपयाला एक. शेजारी बसून बघितलं. पेटी थरथरते, सोनेरी उजेड येतो, मोठ्या खेळाडूचं कार्ड डोळ्यासमोरून सरकून जातं आणि पदरात पडतो कुठला तरी राखीव गोलकीपर. "बाबा, थोडक्यात गेलं!" थोडक्यात कसलं डोंबलाचं, बटण दाबलं तेव्हाच ठरलेलं असतं सगळं. हे मला माहीत आहे, आणि तरी पुढची पेटी मीच उघडायला लावली.

पैसे दादाच्या यूपीआयवरून गेले. मला वाटलं आता रट्टे. तर म्हणाला, "जाऊ दे, पाव्हण्याच्या पोराला काय बोलायचं?"

पाव्हणा. मी, त्या घरात.

आणि त्याच ग्रुपवर दिवसभर माझं काय चालतं? गुड मॉर्निंगची फुलं, काढे, रट्ट्यांचे सल्ले, आणि वीस-पंचवीसात एखादा आईचा व्हॉइस मेसेज, मागे कुकरची शिट्टी. परवा बुधवारी वैतागून ग्रुप म्यूट केला. ट्राम कोरेनमार्कटला पोचेपर्यंत तीनदा उघडून बघितला.