खुलासा : ‘सगळा ताण घालवा’ असं न्यूमन म्हणत नाहीत

परीक्षेच्या तोंडावर नर्सिंगच्या ग्रुपांवर एक नोट फिरतेय : ‘बेटी न्यूमन यांच्या मते प्रत्येक ताण घातक, तो पूर्ण घालवणं हेच नर्सचं काम.’ हे चुकीचं आहे. न्यूमन या अमेरिकी नर्सिंग सिद्धांतकार. १९७० साली यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात शिकवताना त्यांनी तयार केलेल्या प्रारूपात (माणूस आणि ताण यांचं नातं दाखवणाऱ्या आराखड्यात) ताणकारक घटक, म्हणजे ताण आणणारी गोष्ट, मुळात तटस्थ असतो. परिणाम बरा की वाईट, हे माणसाच्या संरक्षक रेषांवरही, म्हणजे आकृतीत माणसाभोवती दाखवलेल्या, ताण अडवणाऱ्या थरांवरही ठरतं. मूळ आकृती पाहा : सर्वांत बाहेर तुटक, लवचिक रेषा, आत नेहमीची संरक्षक रेषा, मग प्रतिकाराच्या रेषा, मधोमध गाभा, म्हणजे जगायला लागणाऱ्या मूळ गोष्टी. झोप कमी झाली की बाहेरची रेषा आत सरकते, म्हणजे संरक्षण कमी होतं. म्हणून लक्षणं दिसण्याआधी झोपेची काळजी घेणं हा प्राथमिक प्रतिबंध. लक्षणांवरचे उपचार हा दुय्यम प्रतिबंध, नंतर सावरायला मदत हा तृतीयक. (नोटेत हा क्रमही उलटा आहे, मार्क जातील ते यातच.) ती नोट कृपया पुढे पाठवू नका, पाठवली असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.