‘गावाकडे एसटी नकोच’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

बरेच दिवस फिरणारा एक मेसेज आता मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला आहे, वर ‘अगदी खरं’ असा शेरा मारून. म्हणणं असं: प्रवासाची आवडनिवड त्या त्या भागाच्या स्वभावातच असते. मुंबईकर शिस्तीचा, म्हणून लोकलने जातो. पुणेकराला दुचाकीशिवाय करमत नाही, म्हणून त्याने बीआरटी (बससाठी राखलेली वेगळी मार्गिका) बुडवली. कोकणी माणसाला रेल्वेच हवी. मराठवाडा-विदर्भात लोकांना काळी-पिवळी जीपच आवडते, तेव्हा खेड्यांतल्या तोट्यातल्या एसटी फेऱ्या बंद करा आणि तो पैसा शहरांत घाला.

सगळ्यांत घातक मुद्दा शेवटचा आहे, म्हणून आधी तोच.

काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही. नऊ-दहा जणांच्या गाडीत पंधरा जण कोंबतात, मागे लटकणारे वेगळेच. तिच्यात विद्यार्थ्याचा पास चालत नाही, म्हाताऱ्या माणसाला सवलत नाही, आणि अंधार पडल्यावर ती मिळेलच याची खात्री नाही. हे कुणाला आवडेल? लोक तिच्यात बसतात, कारण ती चौकात उभी असते आणि एसटी आज येणार की नाही हे फाट्यावर सांगायला कुणीच नसतं.

गावची फेरी बंद कशी पडते ते नीट बघा. गाडी नादुरुस्त झाली किंवा चालक कमी पडला की आगार आधी लांब पल्ल्याच्या गाड्या सांभाळतं. रद्द होते ती गावची फेरी. पास काढलेला कॉलेजचा पोरगा आठवड्यात दोनदा ताटकळतो, जीपला वेगळे पैसे मोजतो आणि पुढच्या महिन्यात पासच काढत नाही. भारमान, म्हणजे गाडीतल्या भरलेल्या जागांचं प्रमाण, घसरतं. मग तेच घसरलेलं भारमान दाखवून फेरी कायमची काढून टाकतात आणि वर म्हणतात, लोकांनाच नको होती.

हिशेबातही खोट आहे. सकाळी सातला तालुक्याला जाणारी गाडी खचाखच भरते, पण तीच गाडी सहाला गावाकडे रिकामी आलेली असते. दोन्ही खेपांची सरासरी काढली की भरलेली गाडी कागदावर अर्धी रिकामी दिसते. मुक्कामी गाडी हा त्यावरचा जुना आणि चोख इलाज होता: संध्याकाळी बाजारची, नोकरीची माणसं घेऊन गावात यायची, रात्री तिथेच थांबायची, पहाटे दूधवाले आणि विद्यार्थी घेऊन निघायची. दोन्ही खेपा भरलेल्या. जिथे मुक्काम बंद केला, तिथे रिकामे किलोमीटर आपणच वाढवून घेतले.

आणि आवड रक्तात असती तर 17 मार्च 2023 नंतर जे झालं ते झालंच नसतं. त्या दिवसापासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट लागू झालं आणि महिला प्रवाशांची संख्या झपाट्याने वाढली. बायका त्याच, गावं तीच. बदललं ते भाडं.

आता पुणे. नगर रस्त्यावरच्या बीआरटीचा काही भाग उखडला गेला आणि त्यामागे गाडीवाल्यांचा रेटा होता, एवढं मान्य करावं लागेल. पण बस मिळत असती तर किती जणांनी दुचाकी घेतली असती? केंद्राच्या शहरी विकास मंत्रालयाने 2009 मध्ये सेवेचे निकष ठरवले. त्यात सर्वांत वरच्या पातळीसाठी दर हजार लोकांमागे 0.6 बस, म्हणजे लाखामागे 60. 2011 च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून लोकसंख्या साधारण साडेअठ्ठेचाळीस लाख होती. म्हणजे तेव्हाच 2,900 बस हव्या होत्या. पीएमपीचा, म्हणजे या दोन्ही शहरांच्या बससेवेचा ताफा त्यानंतरही कितीतरी वर्षं दोन हजारांच्या आसपास घुटमळत राहिला, आणि लोकसंख्या मात्र वाढतच गेली. 2006 साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली तेव्हाही बसची मार्गिका सलग नव्हती, मध्येच तुटायची. जिथे कोंडी तिथेच बस इतर वाहनांत अडकणार असेल, तर बीआरटीचा वेळ वाचणार कुठे? यात पुणेकराचा स्वभाव कुठून आला?

मुंबईची शिस्त? जुलै 2019 मध्ये बेस्टचं किमान भाडं 8 रुपयांवरून 5 झालं आणि लगेच प्रवासी वाढले. ऑगस्ट 2022 मध्ये कळवा-बदलापूरला याच ‘शिस्तीच्या’ प्रवाशांनी एसी लोकलविरुद्ध आंदोलन केलं, कारण साध्या गाडीच्या वेळेवर एसी गाडी घातली होती आणि साध्या पासावर तिच्यात चढता येत नव्हतं. मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्यांचा विरोध एसीला नव्हता, आपली गाडी गेली याला होता.

कोकणाबद्दल फार लिहायला नको. गणपतीला हजारो जादा एसटी गाड्या भरून जातात. एरवी लोक रेल्वेकडे वळतात, त्याला मुंबई-गोवा महामार्गाचं वर्षानुवर्षं रखडलेलं काम पुरेसं कारण आहे.

मामांच्या गावची फेरी बंद करायची भाषा निघालीच, तर ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन आगार व्यवस्थापकाकडे तीन गोष्टी लेखी मागा: मागच्या सहा महिन्यांत ती फेरी किती वेळा रद्द झाली, जाण्याचं आणि येण्याचं भारमान वेगवेगळं किती, आणि त्या मार्गावर किती पास निघाले.