'आम्ही डबा बांधूनच शिकलो' : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. मुलं आणि पाणी यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलो, कुणाला काही झालं नाही. तुम्ही आईबापांना उगाच घाबरवताय. पोहायला शिकवा, विषय संपला. मी यंदाही गावातली पोरं विहिरीत उतरवणार."

आधी माझी चूक. 'विहिरीत उतरवूच नका' हे मी फटकन लिहून गेलो. मीही आजोळच्या विहिरीतच शिकलोय. पण ती विहीर जरा नीट आठवा. माझ्या कमरेला कासरा असायचा आणि त्याचं दुसरं टोक मामाच्या मनगटाला. मामा पायरीवर बसून तंबाखू मळायचा, कुणी बोलायला आलं तर मान न वळवता नुसतं "हं, हं" करायचा. आपल्याला डबा लक्षात राहिला, मामा नाही.

गेल्या मे महिन्यात एका रिसॉर्टवर सहा वर्षांची भाची माझ्यापासून दोन हातांवर होती. दंडातला फ्लोटर निसटलेला. ओरडली नाही, हात वर केला नाही. मान मागे, तोंड पाण्याच्या रेघेशी, केस डोळ्यांवर. मला वाटलं, खेळतेय. उडी बहिणीने मारली. माझ्या हातात मोबाईल होता. श्वासच मिळत नसताना पोर हाक कुठून मारणार?

आणि 'शिकवा, विषय संपला' म्हणाल तर शेततळ्याचं काय? प्लॅस्टिकच्या कागदावर शेवाळ चढलेलं, कडा उतरत्या. पट्टीचा पोहणारासुद्धा काठाशी येतो आणि घसरून परत आत जातो. पाय रोवायला जागा नाही, बोटं अडकवायला काही नाही. वाचवायला उतरलेल्याचीही तीच गत. तिथे कुंपण हवंच, शिवाय चारी बाजूंनी खुंटाला बांधून पाण्यात सोडलेले गाठींचे दोर. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडे मिळते, तीही काठावर असू द्या.

उलटं धरून पोटातलं पाणी काढायचं, असंही तुम्ही लिहिलंय. तेवढं मात्र करू नका, त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग 30 वेळा छाती दाबायची, 2 श्वास, पुन्हा 30. दुसऱ्याने तोवर 108 लावायचा. हे एकदा कुणाकडून तरी समोर बसून शिकून घ्या, वाचून हात बसत नाही.

बाकी पोरं जरूर शिकवा. फक्त यंदा कासरा धरून पायरीवर कोण बसणार आहे, तेवढं कळवा.