निदान ‘नाही’ तरी कळवा

दवाखान्यातल्या नोकरीची मुलाखत वाईट झाली की माणूस मोकळा होतो. मनातल्या मनात चार शिव्या घालतो, मिरज स्टँडवर चहा मारतो, तासगावची एसटी धरतो, विषय संपला. त्रास होतो तो चांगल्या झालेल्या मुलाखतीचा. मेट्रन मॅडम, म्हणजे नर्सेसच्या प्रमुख, हसून बोलल्या, विचारलेलं सगळं सांगता आलं, एचआरच्या साहेबांनी “लगेच जॉइन होऊ शकाल का?” असंसुद्धा विचारलं, आणि शेवटी “ठीक आहे, आम्ही कळवतो.” त्यानंतर जे काय सुरू होतं त्यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. सध्या मॉर्निंग ड्यूटी नाही, नाइट ड्यूटी नाही, वेळच वेळ आहे.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेला ब्रदर, पुरुष नर्स. तीन वर्षांचा कोर्स, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, नंतर पुण्यात आयसीयू. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गावाकडं आलो आणि आता इकडंच राहायचं ठरवलं. म्हटलं, मिरज आहे की हाताशी. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं गाव झालं. १९६२ पासून गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज आहे. सांगली-मिरज रोडनं गेलात तर दोन्ही बाजूंना बोर्डच बोर्ड. अथणी, जमखंडी, विजापूरकडनं पेशंट इकडंच येतो, म्हणून तर मुलाखतीत “कन्नड येतं का?” हा प्रश्न हमखास असतो. अशा ठिकाणी आयसीयू केलेल्या माणसाला काम मिळायला काय अडचण? मुलाखत मिळायला खरंच काही अडचण नाही. बायोडाटा टाकला की बोलावतात.

आत गेल्यावरचा पहिला भाग मला मनापासून आवडतो, खोटं कशाला सांगू. समोर मेट्रन असतात. क्रॅश कार्टमध्ये, म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांच्या ट्रॉलीत, काय काय असतं? कार्डियाक अरेस्टमध्ये ॲड्रेनॅलिन किती आणि किती वेळानं? पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत पुश का करायचं नाही? सुई कशात टाकायची, रक्तानं भरलेला कापूस कशात? मी सांगतो: एक मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी. पोटॅशियम पुश केलं तर हृदय तिथंच बंद पडू शकतं. सुई पांढऱ्या कडक डब्यात, कापूस पिवळ्या पिशवीत. एकदा एका मॅडमनी बोलता बोलता उठवलं आणि म्हणाल्या, चला, व्हेंटिलेटरचा अलार्म वाजतोय, काय करणार दाखवा. मी मशीनकडं न बघता आधी पेशंटकडं बघितलं, तर म्हणाल्या, “बस, एवढंच बघायचं होतं.” अशा मुलाखतीतनं माणूस छाती पुढं काढून बाहेर येतो. मेट्रन मंडळींबद्दल माझी काडीची तक्रार नाही. त्यांना बेडशेजारी उभा राहणारा माणूस हवा असतो आणि तो त्या दहा मिनिटांत ओळखतात.

दुसरा भाग एचआरच्या केबिनमध्ये. अपेक्षित पगार किती? ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही अशा बाँडवर सही कराल का? ओरिजिनल सर्टिफिकेट जमा ठेवावी लागतील, चालेल ना? (नाही, चालणार नाही. झेरॉक्स घ्या, ओरिजिनल बघा आणि परत द्या. कौन्सिलचं सर्टिफिकेट म्हणजे आमची भाकरी आहे, ती दुसऱ्याच्या कपाटात ठेवून कसं चालेल.) आमच्या बॅचच्या मुलींना तर लग्न झालंय का, होणार असेल तर कधी, मुलं कधी, इथपर्यंत विचारतात. मला कधी कुणी हे विचारलेलं नाही. मला वेगळंच ऐकायला मिळतं: “आम्हाला शक्यतो सिस्टरच पाहिजेत, ब्रदरला कॅज्युअल्टी, आयसीयू सोडून कुठं बसवणार?” एम्सच्या नॉरसेट या नर्सभरतीच्या परीक्षेतसुद्धा पुरुषांना २० टक्केच जागा ठेवल्या गेल्या, त्यामुळं हे ऐकायची आता सवय झाली आहे. पण निदान तोंडावर सांगितलं, याचं मला बरंच वाटतं.

मग सुरू होतं ते कळवण्याचं. पहिले दोन-चार दिवस अनोळखी नंबर आला की काळजात धस्स होतं आणि पलीकडनं बाई क्रेडिट कार्ड विकत असते. आठवड्यानं आपणच फोन करतो. “सर मीटिंगमध्ये आहेत.” पुन्हा करतो. “तुमची फाइल मॅनेजमेंटकडं गेलीय.” त्यानंतर व्हॉट्सॲपवर नमस्कार पाठवायचा, दोन निळ्या खुणा बघायच्या आणि गप्प बसायचं. फार फोन केले तर गरजू वाटू, नाही केले तर गरज नाही असं वाटेल, या हिशेबात दिवस जातो. दुसरीकडं लहान दवाखान्यात जागा असते, तिथं होय म्हणावं तर इकडनं उद्या फोन आला म्हणजे?

आमच्या घरी द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर वडिलांना टोळी ठरवायची असते, माणसं मोजायची असतात. ते मला विचारतात, “तुला धरायचा का न्हाई?” मी म्हणतो, दवाखान्याचं अजून कळलं नाही.

“न्हाई म्हणाले का?”

“नाही.”

“मग व्हय म्हणाले?”

“तसंही नाही.”

“मग बोलवलं कशाला रं तुला?”

याचं उत्तर शोधायला मला बराच वेळ लागला, आणि जे सापडलं ते मला पटलेलं असलं तरी आवडलेलं नाही. पुष्कळदा बोलावलं जातं ते जागा आहे म्हणून नाही, जागा होईल म्हणून. नर्सिंग स्टाफ टिकत नाही. कुणाची सरकारी ऑर्डर निघते, कुणी पुण्याला जातं, कुणी आखातात, कुणी लग्न होऊन सासरी. आयसीयूतल्या दोन सिस्टर एकाच महिन्यात गेल्या तर तिसऱ्या दिवशी माणूस उभा करावा लागतो. म्हणून दहा-पंधरा फायली तयार ठेवायच्या. एखाद्याला ‘नाही’ म्हटलं तर फाइल गेली, तो दुसरीकडं चिकटला. ‘होय’ म्हटलं तर पगार सुरू. काहीच म्हटलं नाही तर माणूस फुकटात राखीव राहतो. लोक म्हणतात, विसरले असतील, कामाचा लोड असतो. विसरलेले नसतात. तीन महिन्यांनी रात्री नऊला बरोबर फोन येतो की, “उद्या सकाळी येताय का?” नंबर सेव्ह असतो त्यांच्याकडं.

आणि तोपर्यंत आपला भाव उतरलेला असतो, ही गोष्ट कुणी बोलत नाही. मुलाखतीच्या दिवशी मी जो आकडा सांगितला, तो दोन महिने घरी बसल्यावर माझ्याच तोंडातनं निघत नाही. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं खाजगी दवाखान्यांतल्या नर्सेसच्या पगारात लक्ष घालायला केंद्राला सांगितलं. केंद्रानं नेमलेल्या समितीनं शिफारस केली: २०० च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतका पगार, १०० ते २०० असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या आतल्या छोट्या दवाखान्यातसुद्धा महिन्याला २० हजारांच्या खाली नको. अंमलबजावणी राज्यांकडं गेली आणि बऱ्याच ठिकाणी तिथंच आहे. मी एका मुलाखतीत हे सगळं व्यवस्थित सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पाणी मागवलं. म्हणाले, कळवतो.

कुणी म्हणेल, मग सरकारी भरती कर की. करतोय. तिथं काय सुख आहे असं नाही. आरोग्य विभागाच्या गट क आणि गट डच्या परीक्षा २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये झाल्या, पेपर फुटल्याचं निघालं, परीक्षा रद्द झाल्या आणि नवीन जाहिरात यायला २०२३ उजाडलं. त्या दोन वर्षांत किती जणांचं वय बसेनासं झालं असेल कुणास ठाऊक. तरीसुद्धा सरकारी थांबण्यात एक बरं आहे. उत्तरतालिका लागते, हरकत घेता येते, गुणवत्ता यादी लागते, खाली प्रतीक्षा यादी असते. तीत माझा नंबर दिसतो, वरचे किती हजर झाले ते विचारता येतं, आणि साधारण वर्षभरानं यादीची मुदत संपते. म्हणजे वाट बघणंसुद्धा अधिकृतपणे संपतं. खाजगीत ते कधी संपायचं हे आपलं आपणच ठरवायचं.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये येईलच. एका एचआरवाल्या मित्रानं मला सरळ विचारलं, “ब्रदर, तुमची लोकं काय कमी आहेत का? पाच जणांना ऑफर द्यावी तर दोघं उगवतात. एक जण तर युनिफॉर्मचं माप देऊन गेला तो परत आलाच नाही.” खरं आहे. आम्ही चार ठिकाणी बायोडाटा टाकतो, चौघांनाही होय म्हणतो आणि जिथनं आधी फोन येईल तिथं जातो. बाकीच्या तिघांना कळवत नाही. पण असं का करतो? कारण चौघांतले तिघं कळवणार नाहीत हे माहीत असतं. मग ते पाचाऐवजी पंधरा बोलावतात, आम्ही चाराऐवजी आठ ठिकाणी जातो आणि सगळेच एकमेकांच्या फोनची वाट बघत बसतात. हे थांबवायचं कुणी? माझं मत, ज्याच्याकडं खुर्ची आहे, एसी आहे आणि फोन करण्यासाठी पगारी माणूस आहे, त्यानं.

वॉर्डात आम्ही ओव्हर, म्हणजे पुढच्या ड्यूटीला पेशंटची माहिती, दिल्याशिवाय हलत नाही. नाइट संपली, डोळे मिटायला लागले, खाली गाडी उभी आहे, तरी पुढची सिस्टर आल्यावर प्रत्येक बेडपाशी उभं राहून सांगावं लागतं: याची सलाइन किती राहिली, त्याची लघवी किती झाली, कुणाचा रिपोर्ट यायचाय, कुणाच्या नातेवाइकांना काय सांगितलंय. काहीच बदल नसेल तर ‘बदल नाही’ हेसुद्धा लिहून सही करावी लागते. न लिहिलेलं ते न केलेलं, असं पहिल्या वर्षापासून आमच्या डोक्यात भरवलं. जो दवाखाना माझ्याकडनं तासातासाची नोंद मागतो, त्याच्याच पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात माझ्या फाइलचा ओव्हर कुणाकडं आहे हे कुणालाच माहीत नसतं.

फार काही मागत नाही मी. मुलाखतीच्या शेवटी तारीख सांगा. “पंधरा तारखेपर्यंत फोन आला नाही तर समजा झालं नाही.” एवढं वाक्य. नंतर फोन करायची पण गरज नाही, तारखेनं माझं काम होतं. वडिलांना सांगता येतं, दुसऱ्या दवाखान्याला होय म्हणता येतं. जागा आत्ता नाही, पुढं होईल म्हणून नाव घेऊन ठेवतोय, असं सांगितलं तरी चालेल. कुणी रागावणार नाही, उलट फोन आला तर पळत येऊ.

हल्ली मी उठायच्या आधी स्वतःच विचारतो, “सर, कधीपर्यंत समजायचं?” बऱ्याच जणांना हा प्रश्न उद्धटपणाचा वाटतो, चेहऱ्यावर दिसतं. मागच्या एका ठिकाणी मात्र एचआरच्या मॅडमनी कॅलेंडर बघितलं, तारीख सांगितली आणि त्या तारखेला दुपारी मेसेज आला: यावेळी निवड झालेली नाही, आयसीयूला अनुभव जास्त असलेल्या सिस्टर मिळाल्या, पुढं जागा झाल्यास कळवू. वाचून वाईट वाटलं, अर्धा तास कुणाशी बोललो नाही. मग वडिलांना जाऊन सांगितलं, छाटणीला मला धरा. माझ्या ओळखीच्या दोन सिस्टरना त्याच दवाखान्यात अर्ज करायला मी स्वतः सांगितलंय.

माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये दवाखान्यांच्या ऑफिसात काम करणारे बरेच जण आहेत. रागवू नका, पण टेबलावरच्या जुन्या फायली एकदा उघडून बघा आणि ज्यांचं होणार नाही त्यांना आज संध्याकाळी मेसेज टाका. आणि सांगली, मिरज, कुपवाड, विश्रामबाग कुठंही आयसीयू किंवा कॅज्युअल्टीत ब्रदरची जागा असेल तर इनबॉक्स करा. नाइटला हरकत नाही. कन्नड समजतं, बोलायला थोडं अडखळतं. छाटणी उरकली की लगेच जॉइन होऊ शकतो.